थेरपीची वही, फॉर्मची फाइल

आमची शाळा उर्दू माध्यमाची, पिंपरी-चिंचवडच्या पूर्व टोकाला. पालकांपैकी काही भंगार, गॅरेज आणि वेल्डिंगच्या धंद्यात, बाकीचे चाकण एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली. आम्ही सहा शिक्षक. आमच्या बी.एड.च्या अभ्यासक्रमात विशेष गरजा असलेल्या मुलांवर एक प्रकरण होते. परीक्षेला त्यावर प्रश्न आला आणि आम्ही तो सोडवलाही. पण चवड्यांवर चालणाऱ्या मुलीला पायरी कशी चढवायची, हे त्या प्रकरणात नव्हते. ते आम्हाला दर बुधवारी शाळेत येणाऱ्या थेरपिस्ट मॅडमनी दाखवले.

मॅडम ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत. एका सेवाभावी संस्थेच्या वतीने येतात. अकरा ते दोन अशी वेळ, सहा मुले, प्रत्येकाला अर्धा तास. खोली म्हणजे आमचे जुने वाचनालय. एक गादी, एक मोठा चेंडू, भिंतीला आडवा लावलेला पाइप आणि सुताराकडून करून घेतलेल्या तीन पायऱ्या. मॅडमना उर्दू वाचता येत नाही आणि बऱ्याच आयांना मराठी बोलता येत नाही, म्हणून आमच्यापैकी एक जण दुभाषा म्हणून बसतो. त्यामुळे त्या अर्ध्या तासाचे काय होते, ते आम्ही जवळून पाहतो.

पहिल्या वर्षी आम्ही एकदा घड्याळ लावून पाहिले. तीस मिनिटांतली अकरा मिनिटे लिहिण्यात गेली. हजेरीचा तक्ता, आईची सही, सत्राची नोंद, संस्थेच्या ॲपवर तीच नोंद पुन्हा, देणगीदारांसाठी फोटो. महिनाअखेरीस प्रत्येक मुलाचा अहवाल वेगळा. तो मॅडम घरी, रात्री स्वयंपाक आवरल्यावर लिहितात. आम्हाला हे नवे नव्हते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिले आहे की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपू नये. पण शालेय पोषण आहाराची रोजची नोंद, यू-डायस प्लसची माहिती, अपार आयडी हे सगळे शैक्षणिक कामातच धरले जाते. "आम्हाला शिकवू द्या" ही घोषणा महाराष्ट्राच्या शिक्षकांना उगीच सुचलेली नाही. मॅडमची अवस्था पाहिल्यावर कळले की दुखणे सगळीकडे एकच आहे, फक्त रजिस्टरचे नाव बदलते.

तरीही "कागद गेले चुलीत, मूल महत्त्वाचे" असे म्हणायला आमचे मन तयार होत नाही. आमच्या घरांमध्ये लिहिण्याला कमी लेखायची रीत नाही. सूरह बकराची २८२ वी आयत, कुरआनातली सर्वांत लांब आयत, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, अशी ताकीदही तिथेच आहे. वैद्यकाच्या जगातही नोंदीचा विचार कारकुनांनी केलेला नाही, डॉक्टरांनी केला. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी १९६८ साली एका गाजलेल्या लेखात मांडले की रुग्णाच्या नोंदीने पुढच्या माणसाला वाट दाखवली पाहिजे आणि शिकवलेही पाहिजे. थेरपिस्ट लोक ज्याला 'सोप नोट' म्हणतात ती पद्धत त्यांचीच. पालक काय सांगतात, आपल्याला काय दिसले, त्यातून काय समजले, पुढे काय करायचे, अशा चार गोष्टी. (आमच्या एका सहकाऱ्याला बरेच दिवस वाटत होते की मॅडम साबणाबद्दल बोलत आहेत.)

ही वाट दाखवणे म्हणजे काय, ते मध्यंतरी प्रत्यक्ष दिसले. मॅडम बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि सहा महिने दुसऱ्या थेरपिस्ट आल्या. ज्या मुलांच्या नोंदीत "डावी टाच टेकत नाही, गुडघा सरळ धरला की टेकते, पायरी उतरताना घाबरते" असे लिहिले होते, त्यांच्याबरोबर नव्या बाईंनी पहिल्याच बुधवारी काम सुरू केले. दोन मुलांचे कागद आधीच्या कुठल्या तरी केंद्रातून आलेले होते. त्यांत पानामागून पान "प्रगती समाधानकारक" एवढेच. त्या दोघांचे तीन बुधवार नुसत्या तपासणीत गेले. कागद दोन्हीकडे होते, सह्या आणि शिक्केही होते.

आता त्या मुलीविषयी, जिच्यामुळे हा लेख लिहावासा वाटला.

ती दुसरीत आहे, सात वर्षांची. जन्मतः सेरेब्रल पाल्सी. दोन्ही पायांच्या पोटऱ्या ताठ, त्यामुळे चवड्यांवर चालते. डोके तल्लख, पाढ्यांत वर्गात पहिली. अब्बा मूळचे परभणीकडचे, चाकणला प्रेस शॉपमध्ये हेल्पर. आठवड्याला शिफ्ट बदलते. एक दिवस गेले नाही की खाडा पडतो, पगार कापला जातो. अम्मी उर्दू चौथीपर्यंत शिकलेली. मुलीच्या पायांना रात्री घालायचे स्प्लिंट तिला तोकडे झाले होते. टाच बाहेर येत होती आणि कडा घासून घोट्यावर जखम झाली होती. नवे हवे होते. समग्र शिक्षा योजनेत अशा मुलांना उपकरणे मिळतात, जाण्यायेण्याचा आणि सोबतीचा भत्ता असतो, मुलींना दरमहा २०० रुपये विद्यावेतनही असते. या सगळ्यासाठी आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड हवे.

कायदा या मुलीच्या बाजूने आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ ने दिला आहे. कार्डाच्या रंगावरून प्रमाण कळते. चाळीसच्या आत पांढरे, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळे, ऐंशी आणि पुढे निळे. हे सगळे आम्ही अम्मीला समजावून सांगितले. तिने मान डोलावली आणि विचारले, "बाजी, नाव कोणते लिहायचे?"

गाडी तिथेच अडली. मुलीचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचे होते. आमच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. आपली नावे उर्दूत एका रीतीने लिहिली जातात, मराठीत दुसऱ्या आणि इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या मर्जीने. फातिमा, फातेमा, फातमा. शेखचे इंग्रजी स्पेलिंग तर एका घरातल्या चार भावांचे चार प्रकारचे आम्ही पाहिले आहे. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे 'मो.' एवढाच. त्यात महाराष्ट्राचा फॉर्म मागतो नाव, वडिलांचे नाव, आडनाव. उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेल्या घरातल्या मुलीच्या नावापुढे नुसते 'खातून' किंवा 'बानो' असते. आडनावाच्या रकान्यात मग कोणी खातून लिहितो, कोणी वडिलांचे पहिले नाव, कोणी रेघ मारतो. या मुलीच्या घरी आडनाव होते, पण जन्मदाखल्यावर मुलीचे नावच नव्हते. दवाखान्यातून नोंद गेली ती नुसती आईच्या नावाने. नाव ठेवले अकीक्याला, सातव्या दिवशी, घरात, पाहुण्यांसमोर. ते महापालिकेला कोणी कळवलेच नाही. आधार कार्डावर नाव आले ते सेतू केंद्रातल्या मुलाने ऐकून लिहिलेले. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आले ते आधारवरून, पण देवनागरीत उतरवताना आणखी एक मात्रा बदललेली. बँकेच्या पासबुकावर आजोबांचे नाव वडिलांच्या जागी.

मग सुरू झाले हेलपाटे. प्रमाणपत्राच्या ठिकाणी सांगितले, आधार आणा. आधार केंद्रात सांगितले, जन्मदाखला आणा. जन्मदाखल्यावर नाव नाही, म्हणून तिकडून शाळेचा बोनाफाइड मागितला. बोनाफाइडवरचे नाव आधारशी जुळत नाही, म्हणून अर्ज परत. रजिस्टरमधले नाव शाळेला आपल्या मनाने बदलता येत नाही, ते आमचेही हात बांधणारे. एका खिडकीवर तर अम्मीला फक्त "उद्या या" असे तीन वेळा ऐकावे लागले. उद्या म्हणजे अब्बांचा आणखी एक खाडा. आम्ही हिशेब मांडला तेव्हा नऊ खाडे झाले होते. महिन्याच्या २०० रुपयांच्या विद्यावेतनासाठी केलेला खर्च त्यातून केव्हा वसूल होणार, हे गणित त्या मुलीलाही सुटले असते.

या पाच महिन्यांत मॅडमचा बुधवारही बदलला. प्रत्येक नव्या खिडकीवर थेरपिस्टचे पत्र नव्या मजकुराचे लागे. कुठे निदान, कुठे किती सत्रे झाली, कुठे स्प्लिंट का हवे. एका बुधवारी मुलगी गादीवर बसून पायांना स्वतःच ताण देत होती आणि मॅडम शेजारी पत्र लिहीत होत्या. मुलीने विचारले, "मॅडम, आज मेरा नंबर नहीं क्या?" मॅडमनी पेन बंद केले. त्या दिवसापासून त्यांनी ठरवले आणि आम्हीही आमच्या वर्गांपुरते ठरवले, की मूल समोर असताना मोठा कागद काढायचा नाही. हजेरीची खूण मूल स्वतः करते, त्यातून पेन्सिल धरण्याचा सराव होतो. सत्राची नोंद तीन ओळींची, तीही मुलाला मोठ्याने वाचून दाखवत. आज काय केले, काय जमले, घरी काय करायचे. पत्रे आणि फॉर्म दोन वाजल्यानंतर, आणि त्यांत नाव, जन्मतारीख, पत्ता भरण्याचे काम आमचे. निदान आणि शिफारस तेवढी मॅडमची. आमचा जेवणाचा डबा बुधवारी उशिरा उघडतो, पण सहा मुलांचे मिळून बुधवारी तासभर तरी परत मिळाले.

त्या तीन ओळी एका साध्या दोनशे पानी वहीत लिहिल्या जातात आणि ती वही घरी जाते. मॅडम मराठीत लिहितात, खाली आम्ही उर्दूत उतरवतो. उजव्या पानावर आईने लिहायचे. सुरुवातीला अम्मी लाजत असे, अक्षर वाईट आहे म्हणे. आता ती लिहिते आणि आम्ही मॅडमना वाचून दाखवतो. "रात्री दोनदा पाय आखडला, तेल लावून चोळले, झोपली." "स्प्लिंट काढले तेव्हा पाय लाल होता, दहा मिनिटांत गेला." "मोहल्ल्यातल्या लग्नात दोन तास उभी राहिली, दुसऱ्या दिवशी चालली नाही." आमच्या मते मॅडमच्या महिनाअखेरच्या अहवालापेक्षा या ओळींत जास्त माहिती असते, आणि मॅडमही ते मान्य करतात. अहवालात विचारलेले असते, प्रगती समाधानकारक की असमाधानकारक. लग्नात दोन तास उभे राहणे कोणत्या रकान्यात बसते?

फोटोचाही प्रश्न निघाला. देणगीदारांना दर तिमाहीला फोटो जातात. मुलीचे पाय उघडे, चेहरा स्पष्ट, शेजारी "लाभार्थी" अशी पाटी. अम्मीने नम्रपणे नकार दिला. सात वर्षांची असली तरी ती आमची बेटी आहे, तिचा फोटो कोणाच्या मोबाइलवर फिरू नये, एवढेच तिचे म्हणणे. काही लोकांना हा मागासलेपणा वाटेल. आम्हाला वाटला नाही. मदत घेणाऱ्या घराने आपल्या मुलीची लाज मोबदल्यात द्यावी, असा करार कोणी केलेला नसतो. मॅडमनी फक्त तीन लाकडी पायऱ्या आणि त्यांवरचे दोन छोटे बूट यांचा फोटो पाठवला. तो चालला. मग आधीची सगळी वर्षे चेहरे का लागत होते, असे आम्ही विचारले, तर उत्तर आले नाही.

वही घरी ठेवण्याचा आणखी एक उपयोग आम्हाला ठाऊक नव्हता. २०२५ च्या फेब्रुवारीत कुदळवाडी-चिखली भागातल्या भंगाराच्या गोदामांवर आणि शेडवर मोठी पाडापाडी झाली. आमच्या पटावरची काही मुले त्या आठवड्यात शाळेत आलीच नाहीत. त्यांत थेरपीचा एक मुलगा होता, पाच वर्षांचा, बोलणे उशिरा सुरू झालेला. फोन बंद, पत्ता राहिलेला नाही. संस्थेच्या ॲपमध्ये सलग चार गैरहजेऱ्या पडल्या की फाइल आपोआप बंद होते, तशी ती झाली. रमजान संपता संपता त्याच्या मामाचा फोन आला. मुलगा मेदनकरवाडीला होता, चाकणजवळ, भाड्याच्या खोलीत. तिथल्या एका दवाखान्यात आईने वही नेऊन दाखवली होती. स्पीच थेरपिस्टने पाने वाचली आणि विचारले की 'प' आणि 'ब' कधीपासून म्हणतो. संगणकावर तो गैरहजर होता. सामानाबरोबर वही गेली म्हणून त्याची थेरपी पहिल्यापासून सुरू करावी लागली नाही.

नावांच्या गुंत्यातून आम्ही जे शिकलो ते वाचकांच्या कामाचे आहे, म्हणून सांगतो. दुरुस्ती जन्मदाखल्यापासून सुरू करावी. जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. नाव त्या वेळी घातले नसेल तर पुढे वर्षभरात विनाशुल्क आणि पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. अकीका झाला की त्याच आठवड्यात महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नाव लिहून द्यावे, आणि घरातल्या जाणत्याने कागदावर तिन्ही लिपींत लिहून न्यावे. समोरच्याने ऐकून लिहायची वेळच येऊ देऊ नये. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेशापासून पुढच्या बऱ्याच कामांना जन्मदाखलाच मुख्य पुरावा झाला आहे. त्यानंतर आधार. मूल पाच वर्षांचे झाले की बोटांचे ठसे द्यावे लागतात आणि पंधराव्या वर्षी पुन्हा. मग शाळा, मग बँक, आणि शेवटी यूडीआयडी. आम्ही उलट्या टोकाने धरले असते तर अजून खिडक्यांवर असतो. प्रमाणपत्रासाठी नियमात पूर्वी एक महिन्याची मुदत होती, २०२४ च्या दुरुस्तीने ती तीन महिने झाली, तेव्हा अर्जाची पावती आणि तारीख जपून ठेवावी. कुठे विचारायचे हे कळत नसेल तर मोरवाडीला महापालिकेचे दिव्यांग भवन आहे, तिथून सुरुवात करता येते. मतिमंदत्व, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता यांसाठी राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंतची. तिच्याबद्दल तिथे नक्की विचारावे. आमच्या पालकांपैकी एकालाही ती माहीत नव्हती.

झेरॉक्सची एक फाइल करावी आणि ती वहीपासून वेगळी ठेवावी. फाइल खिडकीसाठी असते. वहीत पाण्याचा, हळदीचा डाग पडला तरी चालतो.

मुलीचे कार्ड पाचव्या महिन्यात आले. पिवळे. त्यावर मुदत आहे, म्हणजे काही वर्षांनी पुन्हा तपासणी. मूल वाढते, त्यात गैर काही नाही, फक्त तेव्हा अब्बांचे किती खाडे होतील ते पाहायचे. स्प्लिंटसाठी कार्डाची वाट पाहिली नव्हती. जखम वाढत होती, म्हणून जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातल्या चार दुकानदारांनी मिळून पैसे दिले, पावती अम्मीच्या नावाने घेतली. विद्यावेतनाचा पहिला हप्ता अजून जमा व्हायचा आहे. बँकेत आजोबांच्या नावाची दुरुस्ती सुरू आहे.

शाळेच्या जिन्याला एकाच बाजूला कठडा आहे, चढताना डाव्या हाताला. उतरताना तिचा डावा हात रिकामा राहतो, म्हणून सध्या शिपाई चाचा तिच्या पुढे उलटे चालत उतरतात. दुसऱ्या बाजूच्या कठड्यासाठी आम्ही अर्ज केला आहे, पोचही घेतली आहे. वहीच्या उजव्या पानावर मागच्या सोमवारची नोंद अशी: "आज एकटी किराणा दुकानापर्यंत गेली. येताना मी उचलून आणली. उद्या निम्मी वाट आणीन."